विनिफ्रेडने आजवर कळवलेलं नाही

पेक्स्टनसाहेब पेन्सिल चाकूने तासायचे आणि खाली पडलेल्या ढलप्या पाकिटात भरून घरी न्यायचे. शेगडी पेटवायला.

बोटीवर डुकराचं नाव घ्यायचं नाही. घ्यावंच लागलं तर 'तो कुरकुऱ्या' म्हणायचं.

बर्फ दोन जातींचा. पांढरा हाताने झाडता येतो. काळा कुऱ्हाडीने तोडावा लागतो.

माझ्या बहिणीचा नवरा वॉल्ट चहात चार चमचे साखर घालायचा आणि ढवळायचा नाही. कप संपवायला काहीतरी कारण पाहिजे ना, म्हणायचा.

ट्रॅनमर सहा फुटांचा, मिशीवाला. अख्खं बंदर त्याला 'आई' म्हणायचं.

हिदरटू हा शब्द वाक्याच्या डोक्यावर ठेवू नये.

*

शेवटचं वाक्य पेक्स्टनसाहेबांच्या वहीतलं आहे. काळ्या पुठ्ठ्याची वही, डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर तो कसा वापरावा. साहेबांचे वडील बंदरावर मासळी उतरवायचे. साहेब बारा वर्षांचे असताना शाळा सुटली. बाकी सगळं इंग्रजी त्यांनी स्वतःच्या जिवावर, प्रार्थनेच्या पुस्तकांतून आणि वकिलांच्या पत्रांतून वेचलं होतं. कचेरीत कुणी चुकीचा शब्द टाइप केला की त्यांना खरोखर दुखायचं. दाढ दुखावी तसं तोंड करायचे.

ही कचेरी सोअर्बी आणि मुलगे या कंपनीची, हल शहराच्या मासळी बंदरावर, बर्फाच्या कारखान्यासमोर. साहेब तिथले हेडक्लार्क, मी टाइपिस्ट होते. मिस ऑलिव्ह गार्बट. युद्ध संपून बारा वर्षं झाली होती आणि मी एकतीसची होते. कंपनीच्या सहा बोटी. थोरल्या सोअर्बींनी त्यांना आपल्या मावश्या-आत्यांची नावं दिली होती: इथेल, एडिथ, विनिफ्रेड वगैरे. कुठली मावशी कधी परत येणार आणि किती खाऊन येणार, यावरून बंदरावर जे विनोद चालायचे ते मी इथे लिहीत नाही.

माझं मुख्य काम सकाळची यादी. दर बोटीची एक ओळ. कुठे आहे, मासा किती, परत कधी. दहा वाजता एक प्रत वरच्या मजल्यावर थोरल्या मालकांकडे, एक विमावाल्यांकडे. बोटी आइसलंडच्या वर, पार बर्फाच्या कडेला जायच्या. तिथून रेडिओवर किनाऱ्यावरच्या केंद्राला कळवायच्या, केंद्र आम्हाला.

कळवायच्या म्हणजे, ज्यांना कळवायचं असेल ते कळवायचे.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. हवेत शब्द सोडला की तो ऐकायला तीस-चाळीस बोटी टपलेल्या असतात. आपल्याच बंदराच्या, शेजारच्या, जर्मनांच्या. एखाद्या कप्तानाला मासा लागला आणि तो बोलला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या चारी बाजूंना दिवे. म्हणून मासा लागला की कप्तान एकतर खोटं बोलायचे, 'काही नाही, जाळं फाटलं, नशीब फुटलं', नाहीतर गप्प बसायचे. आमच्याकडे शांतता ही वाईट बातमी नव्हती. उलट जो रोज बडबडायचा त्याची कीव करायचे. त्याला काही मिळालेलं नाही म्हणून त्याला बोलायला वेळ आहे.

आणि विनिफ्रेडचा कप्तान होता लेन कॅम्प्लिन. मुका लेन. घरीसुद्धा मीठ हवं असलं तर हा माणूस बोटाने दाखवतो, असं त्याची बायको सांगायची. पाच दिवस गप्प राहणं ही त्याची नेहमीची गोष्ट. एकदा तो सहा दिवस गप्प राहिला होता आणि बोट पाण्यात टेकेल इतका मासा घेऊन आला होता.

वॉल्ट ड्रूअरी त्याच बोटीवर होता.

*

वहीतून: हिदरटू. म्हणजे आजवर, या घटकेपर्यंत. मागच्या काळातून एक दोरी येते आणि तिचं टोक आज आपल्या हातात असतं. दोरी तुटलेली असेल तर हा शब्द वापरू नये.

*

ट्रॅनमरचं सांगायचं राहिलं.

माझ्या आधी यादी ट्रॅनमर करायचा. दोन वर्षांपूर्वी एडिथ पाच दिवस गप्प होती. ट्रॅनमरचा भाऊ तिच्यावर. ट्रॅनमरने पाचव्या दिवशी कुणाला न विचारता रेडिओ केंद्राला फोन केला आणि केंद्राने सगळ्या बोटींना हाक घातली: एडिथ कुणाला दिसली का, शोधा. शोधलं. तीस बोटींनी शोधलं. एडिथ सापडली, मजेत, कॉड मासळीच्या डोंगरावर बसलेली. दोन दिवसांत तीस बोटींनी तो डोंगर साफ केला.

एडिथ परत आली तेव्हा कप्तान जिन्यावरून थेट कचेरीत आला. मारलं नाही त्याने. नुसता ट्रॅनमरच्या टेबलासमोर उभा राहिला आणि लहान मुलाच्या आवाजात म्हणाला, "आई, आई, मी हरवलो गं." सगळी कचेरी हसली. मीही हसले. त्या आठवड्यात ट्रॅनमरची नोकरी गेली. दुसरं काही मिळेना म्हणून तो मासळी उतरवणाऱ्यांत लागला, आमच्याच खिडकीखाली. तो टोपल्या ओढत निघाला की पोरं मागून ओरडायची, "आई, माझं नाक पूस!" त्याचा भाऊही त्याच्याशी बोलेनासा झाला.

विनिफ्रेड निघायच्या आदल्या रविवारी वॉल्ट आमच्याकडे जेवायला होता. मांसाचा शेवटचा तुकडा माझ्या ताटातून उचलत म्हणाला, "ऑली, मुक्याबरोबर चाललोय. आमचा आवाज नाही आला तर तू आपली टाइप करत राहा. ट्रॅनमर होऊ नकोस हं."

"तुला शोधायला जातंय कोण?" मी म्हटलं. "पीडा गेली म्हणेन."

"बघ गं बेस, तुझी बहीण."

"तुझ्या ताटातलं खाल्लं असतंस तर ती गप्प बसली असती," बेस म्हणाली.

*

बोट सोमवारी निघाली. शुक्रवारी कळवलं: पोचलो, जाळं टाकतोय. नंतर शनिवार. रविवार. दोन्ही दिवस तिकडे वादळ होतं, इथेलने कळवलं, बोटीवर काळा बर्फ चढतोय.

सोमवारी सकाळी मी यादीत टाइप केलं: विनिफ्रेडने कळवलेलं नाही.

पेक्स्टनसाहेबांनी कागद परत आणला.

"मिस गार्बट, हे काय आहे?"

"कळवलं नाही त्यांनी, साहेब. तिसरा दिवस."

"ते खरंच आहे. पण असं उघडं लिहिलंत की विमावाल्यांकडे खुर्च्या सरकतात. माणसं उठून उभी राहतात. 'कळवलेलं नाही' म्हणजे दार लावून घेतल्यासारखं झालं. मध्ये हिदरटू घाला. 'आजवर कळवलेलं नाही.' दार उघडं राहिलं, आणि खोटं एक अक्षर नाही."

"आणि उद्याही नाही कळवलं तर?"

"तर उद्याही तेच वाक्य खरं असेल." त्यांना आनंद झाला होता, कुणीतरी विचारलं याचा. "हीच त्या शब्दाची खुबी. तो आपोआप एक दिवस पुढे सरकतो. तारीख मात्र घालू नका हं त्याच्यासोबत. 'शुक्रवारपासून आजवर' असं लिहिणारे असतात. शुक्रवार लिहिला की वाचणारा दिवस मोजायला लागतो."

मी नवा कागद घातला.

सोमवार. विनिफ्रेडने आजवर कळवलेलं नाही.

मंगळवार. विनिफ्रेडने आजवर कळवलेलं नाही.

बुधवार. विनिफ्रेडने आजवर कळवलेलं नाही.

तीन दिवस तेच वाक्य होतं. तीन दिवस वरून काही विचारणा झाली नाही. बुधवारपर्यंत माझी बोटं ते न बघता टाइप करू लागली होती.

*

वहीतून: हा शब्द पुढच्या काळासाठी नाही. पुढे काय होईल याबद्दल तो काही सांगत नाही. पण वाचणाऱ्याला वाटत राहतं की काहीतरी होईल. म्हणून जपून वापरावा.

*

बुधवारी संध्याकाळी बेस आली. कोपऱ्यावरच्या दुकानातून बटाट्याचे तळलेले गोळे आणि चिप्स, वर्तमानपत्रात गुंडाळून. धाकट्या लेकीला शेजारणीकडे ठेवून आली होती.

"काय म्हणतोय मुका?"

"मुकाच तो. काय म्हणणार?"

"म्हणजे लागला मासा."

"लागलाच असणार."

"वॉल्टने कोट कबूल केलाय मला या खेपेला. लाल."

"लाल कोट घालून चालणार कुठे? चर्चमध्ये?"

"तुझ्या कचेरीत येईन. तुझा तो पेक्स्टन खुर्चीतून पडेल." बेस हसली. मग व्हिनेगरने ओला झालेला कागद बोटाने टोकरत बसली. "ऑली, एक सांगू? हसायचं नाही."

"बरं."

"बोट निघाली त्या सोमवारी मी धुणं केलं."

मी हसले नाही. बोट निघते त्या दिवशी आमच्याकडे कपडे धूत नाहीत. माणूस धुऊन जातो. दुसऱ्या कुणाच्या घरी सोमवार धुण्याचा वार असेल, ज्याचा माणूस सोमवारी निघतो त्याच्या घरी नसतो.

"सगळं नाही गं. एक चादर. धाकटीनं अंथरूण ओलं केलं, तिला घालायला दुसरी नव्हती. बाहेर वाळत पण नाही घातली मी. आत टांगली, विस्तवापुढे, पडदा ओढून. कुणी पाहिलं नाही."

"मग झालं तर. एका चादरीनं काय होतंय?"

"आई असती तर मुस्काटात मारली असती."

"आई असती तर तिनंच धुतली असती, आणि वर तुझ्यावर ढकललं असतं."

आता ती हसली, पोटभर. जाताना दारात वळून म्हणाली, "पण तू ऐकतेयस ना तिकडे? काही आलं की मला लगेच सांगशील ना?"

"वेडी आहेस का? पहिली तुला."

*

गुरुवार. सहावा दिवस. यादी दहाला गेली. अकराला पेक्स्टनसाहेब दाढ काढायला गेले. दोन महिने पुढे ढकलत होते, शेवटी गाल सुजला. जाताना म्हणाले, "फोन आला तर काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहेच."

साडेअकराला फोन आला. किनाऱ्यावरचं रेडिओ केंद्र. उत्तरेकडचा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"सोअर्बी का? तुमच्या विनिफ्रेडचं काही समजलं?"

"आजवर तरी नाही."

"इथे आम्ही रोज हाक मारतोय तिला. उत्तर नाही. आज तिकडच्या इतर बोटी छान ऐकू येतायत, हिचीच काही चाहूल नाही." पलीकडे नोंदवहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "सहा दिवस झाले, बाई. तुम्ही म्हणत असाल तर सगळ्या बोटींना सांगतो. विमानवाल्यांनाही कळवतो. पण मालकांनी सांगितल्याशिवाय मी घालत नाही आता हाक. मागे त्या एडिथच्या वेळी आमच्यावरही बरंच शेकलं होतं."

मी खिडकीशी उभी होते, फोनची दोरी तिथवर पोचायची. खाली ट्रॅनमर टोपल्या ओढत होता. कुणीतरी त्याच्या पाठीवर खडूने काहीतरी काढलं होतं आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

मी काय विचार केला ते मी नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे. बेस आठवली नाही. चादर आठवली नाही. मला दिसलं एवढंच, की विनिफ्रेड गच्च भरून परत आलीय, मुका लेन माझ्या टेबलासमोर उभा आहे, त्याच्या मागे वॉल्ट, आणि दोघे काहीतरी बोलणार आहेत. सगळी कचेरी हसायला तयार आहे.

"नको," मी म्हटलं. "कप्तान कॅम्प्लिन आहेत. त्यांची रीतच ती. थांबू या."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. तुम्ही म्हणाल तसं. नोंदीत लिहितो. कोण बोलतंय?"

"सोअर्बी आणि मुलगे."

साहेब दुपारी आले, गळपट्टा गालावरून बांधून. मी सांगितलं, केंद्राचा फोन होता, हाक घालू का विचारत होते, मी नको म्हटलं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या यादीच्या कोऱ्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: योग्य.

मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं. त्या दिवशी मी घरी जाताना केक घेतला.

*

शुक्रवार. विनिफ्रेडने आजवर कळवलेलं नाही.

शनिवार. विनिफ्रेडने आजवर कळवलेलं नाही.

रविवारी यादी नसते.

*

सोमवारी सकाळी इथेल बंदराला लागली. तिचा कप्तान गम्बूट न काढता वर आला. मोठा, लाल चेहऱ्याचा माणूस, दोन्ही हातांना फडकी बांधलेली.

"मुका आला का?"

"आजवर नाही," साहेब म्हणाले.

"आजवर म्हणजे? कुठे आहे तो?"

"त्यांनी कळवलेलं नाही. तुम्हाला माहीत आहेच त्यांची—"

"मला त्याची रीत सांगू नका. त्या शनिवारी आम्ही वीस जण अठरा तास कुऱ्हाडी चालवत होतो. तोडू तितका पुन्हा चढायचा. त्या ओझ्यानं माझी बोट दोनदा आडवी झाली, हे हात बघा. लेन माझ्याही वर होता, उत्तरेला." त्याने साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दहा दिवस? आणि अजून कुणाला हाक नाही? मी तिकडे बसून म्हणतोय, हे लोक शोधत कसे नाहीत, म्हणजे त्यांना लेनचा निरोप असणार. आम्ही सगळे तेच म्हणत होतो. तुम्हाला काय सगळ्यांना दातखीळ बसली होती?"

साहेबांनी फोन उचलला. त्यांचा आकडा दोनदा चुकला.

सोमवारी दुपारी हाक गेली. मंगळवारी विमानं निघाली, पण तोवर तिकडे पुन्हा बर्फाचं वादळ आलं होतं आणि विमानं अर्ध्यातून परत आली. बुधवारी पुन्हा निघाली, पुन्हा परतली. सत्तावीस बोटींनी मासेमारी सोडून पाच दिवस शोध घेतला. कुणीही कुणाला हसलं नाही. एक फळीसुद्धा सापडली नाही. वीस माणसं होती.

बेसला मी सांगायला गेले तेव्हा तिला आधीच कळलं होतं. इथेलवरचा कुणीतरी गल्लीत बोलला होता. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती आणि ती चादर फाडत होती. पट्ट्या पट्ट्या करून. धाकटी त्या पट्ट्या बाहुलीला गुंडाळत होती.

"पहिली मला सांगणार होतीस," बेस म्हणाली. रागाने नाही. आठवण करून द्यावी तशी.

*

वीस घरांना पत्रं गेली. साहेबांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. 'बोटीकडून काहीही कळलेलं नाही' या वाक्यात माझ्या बोटांनी आपणहून हिदरटू घातलं. वीसही पत्रांत.

साहेबांनी वीसही परत आणली. पहिल्यांदाच त्यांनी दाढ दुखल्यासारखं तोंड केलं नाही.

"मिस गार्बट, आता नाही चालायचा हा शब्द."

"का, साहेब?"

"ज्याची वाट बघणं संपलं त्याला हा लागत नाही. वाचणाऱ्याला आशा वाटेल. वहीत आहे."

मी पुन्हा टाइप केली. सतरावं पत्र मिसेस एलिझाबेथ ड्रूअरी. म्हणजे आमची बेस. लग्नाच्या नोंदवहीनंतर तिचं पुरं नाव कुणी लिहायची ही दुसरीच वेळ.

*

चौकशी सप्टेंबरात बसली, नगरपालिकेच्या सभागृहात. बायका मागच्या बाकांवर. बेस तिसऱ्या रांगेत, कडेला. कुटुंबांतर्फे लंडनहून एक वकील आला होता, बारीक, मृदू बोलणारा. त्याने सकाळच्या सहाही याद्या एकामागून एक वाचल्या. वाक्य तेच, सहा वेळा. तिसऱ्या वेळेनंतर मागे कुणीतरी हुंदका दिला, मग कुणीतरी हसल्यासारखा आवाज केला.

मग मला उभं केलं.

"हे तुम्ही टाइप केलंत?"

"हो."

"या शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाऊक होता?"

"हो. आजवर. या घटकेपर्यंत."

"मी विचारतो आहे ते असं की, सहाव्या वेळी तो टाइप करताना तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"जे खरं होतं तेच. त्यांनी तोवर कळवलेलं नव्हतं."

"तोवर. आणि पुढे ते कळवतील असं तुम्हाला वाटत होतं?"

"तो शब्द पुढचं सांगत नाही, साहेब."

वकिलाने याद्या खाली ठेवल्या. "शब्दाचा वापर अचूक आहे," तो म्हणाला, "यात मला शंका नाही." आणि मला बसायला सांगितलं.

त्यानंतर रेडिओ केंद्राची नोंदवही आली. गुरुवार, साडेअकरा: मालकांशी बोलणं झालं. हाक नको म्हणाले.

"हे मालक म्हणजे कोण?" वकिलाने विचारलं. "नाव नाही. केंद्रावरचा जो माणूस बोलला तो जुलैमध्ये वारला. थोरले सोअर्बी म्हणतात ते नव्हते. मग कोण?"

माझे गुडघे उठायच्या बेतात होते. खरंच होते. मी बाकाची कड धरली होती.

पेक्स्टनसाहेब उभे राहिले. "मी होतो."

"तुम्ही हाक नको म्हणालात?"

"हो."

"का?"

"कप्तान कॅम्प्लिन यांची तशी रीत होती."

मागे एकदम गलका झाला. कुणीतरी बूट फेकला, तो साहेबांना न लागता शिपायाला लागला.

मधल्या सुट्टीत मी त्यांना जिन्याखाली गाठलं. "साहेब, तुम्ही शपथेवर..."

"फोनवर कंपनी बोलते, मिस गार्बट. माणूस बोलत नाही."

"पण तुम्ही तर दाढ काढायला—"

"ते कुणी विचारलं नाही." त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी तपासली, परत ठेवला. "मी असतो तरी तेच म्हणालो असतो. शब्दन् शब्द. मग कोण म्हणालं याने काय फरक पडतो?"

फरक पडत होता. सुट्टी संपल्यावर मी परत बाकावर जाऊन बसले.

त्या आठवड्यात त्यांच्या घराच्या पुढच्या काचा फुटल्या. शनिवारी ते बंदराच्या फाटकातून बाहेर पडले तेव्हा बायका वाट बघत होत्या, पंधरा-वीस जणी, मासळीच्या आतड्यांच्या बादल्या घेऊन. बेस सगळ्यांत पुढे. लाल नव्हता, जुना तपकिरीच कोट होता तिचा. तो खराब होऊ नये म्हणून तिने काढला आणि माझ्या हातात दिला.

"धर जरा," ती म्हणाली.

मी धरला.

साहेब पळाले नाहीत. टोपी काढून काखेत धरली, जणू तीच काय ती वाचवायची होती. पहिली बादली बेसची. कोटाच्या बाहीतून तिच्या अंगाची ऊब अजून गेली नव्हती आणि मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होते. ट्रॅनमर त्याच्या टोपल्या टाकून धावत आला आणि साहेबांच्या पुढे आडवा झाला. त्यालाही लागलं. "आई आली, आई आली!" पोरं ओरडली. "बस करा गं," तो बायकांना म्हणत होता, "बस करा आता."

साहेब महिनाभराने गाव सोडून बहिणीकडे गेले. वही माझ्या टेबलावर ठेवली होती, वर काही लिहिलं नव्हतं. त्यांचा त्यानंतर मला पत्ता नाही.

*

बेस अजून त्याच गल्लीत राहते, मी तिच्या समोर. बोटी आता नाहीत, बर्फाचा कारखानाही नाही. धाकटीची मुलं मोठी झाली. बेस सोमवारी कधीही काही धूत नाही, बशीसुद्धा नाही. मी धुते. वर्षातून एखाद्या वेळी, काहीतरी दुसरंच चाललेलं असताना, ती म्हणते, "एकच तर चादर होती, ऑली."

"चादरीनं काही झालं नाही," मी म्हणते.

"मग कशानं?"

"त्या पेक्स्टनमुळे."

"हो," ती म्हणते. "पण चादरही होतीच." मग थोड्या वेळाने, "तू तर त्याच खोलीत असायचीस. तो फोन आला तेव्हा तू कुठे होतीस?"

"टाइप करत होते."

ती मान हलवते. माझ्या हातावर हात ठेवते. बिचारी तू, म्हणते, तुला काय ठाऊक असणार. मी चहा ओतते.

मी तिला आजवर सांगितलेलं नाही. वाक्य बरोबर आहे, मी तपासून पाहिलं आहे. रोज सकाळी उठते तेव्हा ते आणखी एक दिवस पुढे सरकलेलं असतं.

*

मी 'नको' म्हटलं त्या आठवड्यात गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी आइसलंडच्या उत्तरेला वारा नव्हता, आकाश मोकळं होतं आणि वीस मैलांपर्यंत स्पष्ट दिसत होतं.